फक्की

सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी मैदानाचा इतिहास द्या,
दोन पानं, फोटो असल्यास एक,
असं वीर मारुती मंडळाची पोरं सांगून गेली.
मी खजिनदार होतो.
माझ्याकडे इतिहास नाही, पावत्या आहेत.

पहिली पावती : लाल माती, ट्रक दोन, पनवेल.
मुलुंड पूर्वेला मिठागरं जिथे संपायची
तिथे जमीन सुरू होते की नाही
यावर तेव्हा दोन मतं होती.
मे महिन्यात मैदानाला मीठ फुटायचं.
बाहेरचे संघ विचारायचे, एवढी फक्की कोणी सांडली?
आम्ही खाडीकडे बोट दाखवायचो.

फक्की मारायचा गोविंदा आंबेरकर.
डावा पाय आखूड, स्वतः कुठलाच खेळ खेळला नाही.
शनिवारी कबड्डीचं अंगण, साडेबारा बाय दहा,
रविवारी पहाटे त्याच्यावरूनच सेंट जोकिमवाल्यांची हॉकीची डी,
न्याहारीनंतर सनराइजची क्रीज.
सोमवारी कुठली रेष कुणाची
हे त्याच्या एकट्याच्या डोक्यात असायचं.
बेनी किणीने एकदा फटका मारून गोल केला,
शर्ट काढून नाचत सुटला,
आणि गोविंदा कडेवरून ओरडला,
बेन्या, तू डी समजलास ती निदानरेषा आहे!
गोल रद्द.
तीन महिने बोलणंही रद्द.
नाताळात बेनीच्या आईने डबाभर तळलेले फुगे पाठवले
तेव्हा कुठे सुटलं.

मुलींचा खो-खो संघ कागदावर नव्हता.
नव्हता म्हणजे वर्गणी घेतली, पावती दिली नाही.
(ही चूक माझी. लिहून ठेवतो.)
कुंदा ठोंबरेचे दोन सागवानी खांब
सनराइजच्या लाँग-ऑनला यायचे.
ते रविवारी उपटायचे, कुंदा सोमवारी पुरायची.
सहा वर्षं.
दप्तरी नोंद एवढीच : फावड्याचा दांडा, दोन वेळा.

मग एका रविवारी त्यांनी करवत आणली.
एक खांब पार जमिनीसरशी.

कुंदा आली. बघितलं. बोलली नाही.
सरळ चालत गेली आणि खेळपट्टीवर उकिडवी बसली,
पाटीवर बसतात तशी, तोंड मिठागराकडे.
मागून आठ जणी आल्या.
सात जणी बसल्या, एक इकडे तोंड, एक तिकडे.
आठवी उभी राहिली, धावायच्या तयारीत.
समोर पळायला कोणीच नव्हतं.
अंपायरने सव्वादहाला चहाची वेळ जाहीर केली.
तो धावफलक अजून माझ्या ट्रंकेत आहे :
चार बाद एकसष्ट, सामना अनिर्णित,
कारण : पाऊस.
तारीख फेब्रुवारीची.

आता टर्फ येतंय.
ताशी बाराशे, रात्री पंधराशे, भोवती जाळी.
पाइपसाठी चर खणला तेव्हा मी काठावर उभा होतो.
वर वाळू, खाली कारखान्याची राख,
मग पनवेलची माती, बोटभरच उरलेली,
आणि तिच्यात पांढऱ्या रेघा, केसाएवढ्या,
एकीखाली एक, एकीखाली एक.
मोजायला गेलो, चष्मा धुरकटला.
तळाला काळा चिखल,
त्यात सागाचा बुंधा, माथा सपाट,
करवतीची खूण ताजी म्हणावी अशी.

कंत्राटदाराचा मुलगा म्हणाला, काका, झाडाचं मूळ आहे, काढतो.
म्हटलं, राहू दे.
त्याने काढलं.

संध्याकाळी कुंदाला फोन लावला, बदलापूरला.
दोन्ही गुडघे नवे बसवलेत तिने, हळू बोलते.
म्हटलं, खांब सापडला.
कुठला? म्हणाली. खाडीकडचा की रस्त्याकडचा?
मला सांगता येईना.
मैदानात आता दिशाच राहिल्या नाहीत, सगळीकडे इमारती.
हे गोविंदाला विचारायला हवं होतं.
त्याला जाऊन अकरा वर्षं झाली.
मग बघून सांग, ती म्हणाली, आणि फोन ठेवला.

चर तोवर बुजवून झाला असणार.
मी चपला घातल्या.